परिसीमन आयोग : अल्लीपूरच्या मताची हद्द ठरवणारी संस्था

गावाच्या स्मरणिकेत ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी आणि देवस्थान यांचे इतिहास येतात, आणि ते यायलाच हवेत. या लेखातली संस्था मात्र निराळी आहे. तिचे कार्यालय अल्लीपुरात कधी नव्हते आणि तिची माणसे आपल्या ओळखीची नाहीत. तरीही आपल्या मताची हद्द तिनेच आखली आहे. ही संस्था म्हणजे भारताचा परिसीमन आयोग. तिच्या कामाला वर्तमानपत्रे ‘मतदारसंघ पुनर्रचना’ म्हणतात.

अल्लीपूर हिंगणघाट तालुक्यात आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, फेरफार, पंचायत समितीचे काम यांसाठी आपली वाट हिंगणघाटची. विधानसभेच्या निवडणुकीत मात्र अल्लीपूर महसूल मंडळ ४५ क्रमांकाच्या देवळी मतदारसंघात मोडते, आणि लोकसभेसाठी ८ क्रमांकाच्या वर्धा मतदारसंघात. पहिल्यांदा मतदान करणाऱ्या मुलामुलींना साहजिकच प्रश्न पडतो : तहसील एकीकडे आणि आमदार दुसरीकडे, हे कसे झाले? याचे उत्तर कुणाच्या मर्जीत सापडत नाही. ते कायद्यात, जनगणनेच्या आकड्यांत आणि जवळपास नव्वद वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास गावातल्या प्रत्येक मतदाराला माहीत असावा, एवढ्यासाठी हा लेख.

इंग्रजी अमदानीतली आखणी

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या त्याच्या तीन जुन्या तहसिली. त्या काळी प्रजेच्या मताचा प्रश्नच नव्हता. १९१९ च्या कायद्यानंतर मध्य प्रांताच्या कायदे कौन्सिलासाठी निवडणुका सुरू झाल्या. पण मतदार म्हणजे मालगुजार, मोठे खातेदार आणि शिकलेली मोजकी मंडळी.

प्रांतिक मतदारसंघांची पद्धतशीर आखणी झाली ती १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर. त्यासाठी सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९३६ मध्ये अहवाल दिला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेला ११२ जागा मिळाल्या. त्यांची वाटणी पाहिली की त्या काळाची रचना ध्यानात येते : ८४ सर्वसाधारण, १४ मुस्लिम, ३ जमीनदारांच्या, ३ स्त्रियांच्या, २ व्यापाराच्या, २ कामगारांच्या, आणि मागास जमाती, युरोपियन, अँग्लो-इंडियन व विद्यापीठ यांची प्रत्येकी एक. ८४ सर्वसाधारण जागांपैकी २० दलितांसाठी राखीव होत्या. हा २० चा आकडा १९३२ च्या पुणे कराराने ठरवलेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महात्मा गांधी यांच्यातल्या त्या कराराने देशभरात १४८ राखीव जागा मिळवून दिल्या. गांधीजींची हरिजन यात्रा १९३३ च्या नोव्हेंबरात वर्ध्याहूनच निघाली, हे आपल्या जिल्ह्याने विसरू नये.

१९३७ ची निवडणूक या रचनेवर झाली. मत मात्र सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांच्या अटीवर मिळत होते. बहुतेक शेतमजुरांना, लहान कुळांना आणि स्त्रियांना मत नव्हते. अशा वेळी हद्द कुठून जाते याची गावाला फारशी फिकीर असण्याचे कारणही नव्हते.

राज्यघटना आणि पहिला आयोग

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि चित्र मुळापासून बदलले. कलम ३२५ ने सर्वांची मिळून एकच मतदारयादी केली. धर्माच्या, जातीच्या वेगळ्या याद्या संपल्या. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिले. कलम ८२ आणि १७० यांनी सांगितले की, प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या आणि विधानसभेच्या मतदारसंघांची फेररचना व्हावी, आणि राज्यात प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असावी. ‘एक माणूस, एक मत’ एवढ्यावर घटनाकार थांबले नाहीत. मताची किंमतही सारखी हवी, हे त्यांनी कायद्यात बसवले. एका मतदारसंघात दोन लाख माणसे आणि शेजारच्या मतदारसंघात पाच लाख असतील, तर दोन्हीकडचे मत कागदावर सारखे दिसले तरी वजनाला सारखे राहत नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची आखणी घाईची होती. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे निवडणूक आयोगाने प्रस्ताव तयार केले, राष्ट्रपतींनी आदेश काढले, आणि त्यांत बदल करण्याचा अधिकार संसदेकडे राहिला. निवडणूक लढवणाऱ्यांच्याच हातात मतदारसंघाची रेषा सरकवण्याचा अधिकार असला, तर काय होणार हे उघड होते. समाधान कुणाचेच झाले नाही. तेव्हा संसदेने स्वतःच तो अधिकार सोडून दिला आणि १९५२ चा परिसीमन आयोग कायदा केला. आयोगाचा आदेश अंतिम राहील, तो संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जाईल, पण त्यांना त्यात काना-मात्राही बदलता येणार नाही, असे ठरले.

या निर्णयाचे मोल मोठे आहे. अमेरिकेत अनेक राज्यांत आजही विधिमंडळात बहुमत असलेला पक्ष मतदारसंघाच्या हद्दी आखतो. इंग्लंडमध्ये १८३२ च्या सुधारणेपर्यंत ओल्ड सेरमसारख्या ओसाड जागेचे दोन प्रतिनिधी पार्लमेंटात बसत होते, आणि नवी औद्योगिक शहरे प्रतिनिधीविना होती. कॅनडाने केंद्रीय निवडणुकांसाठी स्वतंत्र आयोगांची पद्धत कायद्याने स्वीकारली ती १९६४ मध्ये. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, बहुसंख्य निरक्षर असलेल्या आपल्या देशाने ती त्याआधी १२ वर्षे स्वीकारली होती. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आजवर असे चार आयोग झाले : १९५२, १९६३, १९७३ आणि २००२. पहिल्याचे अध्यक्ष न्या. एन. चंद्रशेखर अय्यर होते. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे न्या. जे. एल. कपूर, तर चौथ्याचे न्या. कुलदीप सिंग. पुढे जम्मू-काश्मीरसाठी २०२० मध्ये स्वतंत्र आयोग नेमला गेला, त्याच्या अध्यक्ष न्या. रंजना प्रकाश देसाई होत्या. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या न्यायमूर्तींच्या आयोगाने मे २०२२ मध्ये तिथल्या विधानसभेच्या जागा ८३ वरून ९० केल्या.

एक गाव, तीन राज्ये

अल्लीपूर जागचे हलले नाही. राज्ये मात्र त्याच्या डोक्यावरून बदलत गेली. १९५२ ची पहिली निवडणूक आली तेव्हा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. त्या विधानसभेत १८४ मतदारसंघांतून २३२ आमदार निवडून गेले. संख्या जुळत नाही असे वाटेल, पण ४८ मतदारसंघ द्विसदस्य होते. एकाच मतदारसंघातून दोन आमदार, त्यांतला एक राखीव जागेचा, आणि मतदाराला दोन मते. लोकसभेतही हीच पद्धत होती. बाबासाहेबांनी १९५४ ची पोटनिवडणूक लढवली ते भंडारा असेच द्विसदस्य क्षेत्र होते.

पहिल्या लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधी श्रीमन्नारायण होते. त्यांच्यानंतर १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत कमलनयन बजाज वर्ध्याहून निवडून गेले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पहिल्या आयोगाची आखणी नुकतीच पूर्ण होत आली होती, ती पुन्हा जुळवावी लागली. १९५७ मध्ये मुंबई विधानसभेच्या ३९६ जागांसाठी मतदान झाले. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र आला आणि आपल्या विधानसभेच्या जागा २६४ झाल्या.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. आंध्रातल्या पार्वतीपुरम् लोकसभा मतदारसंघात १९५७ साली दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या, व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने तो निकाल योग्य ठरवला. त्यानंतर संसदेने एका मतदारसंघाला एकच प्रतिनिधी ही सुटसुटीत पद्धत आणली. आज आपण ‘आमचा आमदार’ असे एकवचनात म्हणतो, ते तेव्हापासून.

पुढे दुसऱ्या आयोगाने १९६१ च्या जनगणनेवर महाराष्ट्राच्या जागा २७० केल्या, आणि तिसऱ्याने १९७१ च्या जनगणनेवर २८८. १९७८ च्या निवडणुकीपासून आजतागायत हा २८८ चा आकडा कायम आहे.

आकडा गोठला

कायम राहण्याचे कारण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत आहे. कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांच्या जागा लोकसंख्या कमी वाढली म्हणून घटू नयेत, हा त्यामागचा विचार होता. म्हणून २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत फेररचना थांबवली गेली. हेतू चांगला होता. पण पंचवीस-तीस वर्षे हद्दीही जागच्या जागी राहिल्या. या काळात ठाणे, पिंपरी-चिंचवड, नवी मुंबई यांची माणसे कित्येक पटींनी वाढली, आणि आपल्यासारख्या कापूसपिकाच्या जिल्ह्यांतून माणसे कामधंद्याला बाहेर पडत राहिली. १९७१ च्या मोजणीवर २००४ पर्यंत मतदान होत राहिले. वर्धा जिल्ह्यात तेव्हा आर्वी, पुलगाव, वर्धा आणि हिंगणघाट हे चार मतदारसंघ होते. काँग्रेसच्या नेत्या प्रभा राव यांचे नाव विधानसभेत ज्या मतदारसंघाशी जोडले गेले, तो हाच पुलगाव.

८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशाच ठेवल्या. मात्र राज्याच्या आत हद्दी बदलायला परवानगी दिली. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना आधाराला घेतली. चौथ्या आयोगाचे काम या चौकटीत झाले, आणि अल्लीपूरची आजची जागा त्यानेच ठरवली.

चौथा आयोग आणि वर्ध्याचा हिशेब

२००२ च्या आयोगाची रचना अशी : सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान किंवा निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त सदस्य, आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त सदस्य. शिवाय प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत. त्यांना बोलता येत होते, सूचना करता येत होत्या. मत देता येत नव्हते आणि अंतिम आदेशावर त्यांची सही नव्हती.

कामाचे निकष कायद्यात आणि आयोगाने ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले होते. मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या सलग असावा. नद्या-डोंगर, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याबाहेर जाऊ नये. लोकसंख्या राज्याच्या सरासरीपेक्षा साधारण १० टक्के कमी-अधिक चालेल. गाव मध्येच तोडायचे नाही. तालुका तोडावा लागला तर महसूल मंडळ आणि तलाठी साझा यांच्या कडेने तोडायचा. आपल्याकडे ज्याला अजून पटवारी म्हणतात त्याच्या साझ्याची हद्द दिल्लीत बसलेल्या आयोगाच्या नकाशावर अशी मोजली जात होती.

आता हिशेब पाहू. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. तिला २८८ ने भागले की एका मतदारसंघाला सरासरी ३,३६,३८४ माणसे येतात. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६. तिला या सरासरीने भागले की उत्तर येते ३.६८. म्हणजे जिल्ह्याला जागा मिळाल्या चार. तीन केल्या असत्या तर प्रत्येक मतदारसंघ चार लाख बारा हजारांच्या आसपास गेला असता आणि सरासरीच्या सुमारे साडेबावीस टक्के वर राहिला असता. चार केल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला ३,०९,१८४ माणसे आली, सरासरीपेक्षा ८ टक्के कमी. १० टक्क्यांच्या मर्यादेत बसले.

चार जागा मिळाल्या, पण त्या आखायच्या कशा? जिल्ह्यात आता आठ तालुके आहेत. उत्तरेकडचे आर्वी, आष्टी आणि कारंजा मिळून आर्वी मतदारसंघ झाला. समुद्रपूर तालुका आणि हिंगणघाट शहरासह त्या तालुक्याचा मोठा भाग मिळून हिंगणघाट झाला. सेलू तालुका आणि वर्धा शहरासह वर्धा तालुक्याचा भाग मिळून वर्धा झाला. उरला देवळी तालुका. तो एकटा तीन लाखांपर्यंत पोहोचत नाही. मग त्याला वर्धा तालुक्यातली काही महसूल मंडळे जोडली, आणि हिंगणघाट तालुक्याच्या पश्चिम भागातली काही जोडली. त्यांत अल्लीपूर मंडळ आले. पुलगाव हे मतदारसंघाचे नाव गेले आणि देवळी आले.

म्हणजे अल्लीपूर देवळीला जोडले गेले ते चौथा मतदारसंघ पुरा करण्यासाठी. हिंगणघाट आणि समुद्रपूर हे दोन्ही तालुके पूर्ण घेतले असते तर तो मतदारसंघ जड झाला असता आणि देवळी हलका राहिला असता. पश्चिमेकडची मंडळे सलग होती, म्हणून तीच निवडली गेली. जिल्ह्याची चौथी जागा टिकली, त्यात आपल्या मंडळाच्या लोकसंख्येचा वाटा आहे. तालुका आणि मतदारसंघ वेगळे असल्याने दोन दिशांना पाहावे लागते, ही अडचण खरी. पण त्या अडचणीच्या बदल्यात जिल्ह्याला विधानसभेत चार आवाज मिळाले, हेही खरे.

लोकसभेचे गणितही असेच. राज्यात ४८ खासदार आणि २८८ आमदार, म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा. वर्धा जिल्ह्याकडे चारच. म्हणून अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे मतदारसंघ वर्धा लोकसभेला जोडले आहेत. वर्धा नदी ही एके काळी वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांची हद्द होती. आज नदीच्या दोन्ही काठांचे मतदार मिळून एक खासदार निवडतात.

मतदारसंघांचे क्रमांकही ठरलेल्या रीतीने पडतात, राज्याच्या वायव्य टोकापासून सुरुवात करून. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा हे १, तर सांगली जिल्ह्यातले जत हे २८८. आर्वी ४४, देवळी ४५, हिंगणघाट ४६, वर्धा ४७ हे त्याच ओळीत येतात.

नव्या हद्दी फेब्रुवारी २००८ मध्ये देशात लागू झाल्या. महाराष्ट्रात त्यांवर २००९ ची लोकसभा झाली आणि १३ ऑक्टोबर २००९ ला विधानसभेचे मतदान. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. एकट्या ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ झाल्या. माणसे जिकडे गेली, जागा तिकडे गेल्या. वर्ध्याच्या चार होत्या, त्या चारच राहिल्या, ही त्या वेळी जिल्ह्याची मोठी बचत होती.

राखीव जागांची न्याय्य मोजणी

या आयोगाच्या कामातली एक गोष्ट विदर्भाने जपून ठेवावी अशी आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी विधानसभेच्या १८ जागा राखीव होत्या, त्या २९ झाल्या. अनुसूचित जमातींच्या २२ होत्या, त्या २५ झाल्या. लोकसभेत अनुसूचित जातींच्या जागा ३ वरून ५ झाल्या.

१८ वरून २९ ही वाढ कशाने झाली? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर ज्यांनी जनगणनेत ‘बौद्ध’ लिहिले, ते केंद्राच्या यादीप्रमाणे अनुसूचित जातींत मोजले जात नव्हते. म्हणून १९७१ च्या मोजणीत राज्यातल्या अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्केच दिसले, आणि त्यावर १८ जागा ठरल्या. १९९० च्या कायद्याने बौद्धांना या यादीत स्थान मिळाले. २००१ च्या जनगणनेत प्रमाण १०.२ टक्के आले आणि २८८ च्या हिशेबाने २९ जागा झाल्या. मोजणीत कुणाला धरले आणि कुणाला वगळले, यावर विधानसभेत कोण बसणार हे ठरते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला दुसरा नाही. वर्धा जिल्ह्यातले चारही मतदारसंघ सर्वसाधारण आहेत. पण राज्यभरातल्या या वाढीमागे विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांची मोजणी उभी आहे.

न्यायालयाचे दार

परिसीमनाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ मिळते आणि घटनेच्या कलम ३२९ प्रमाणे तो न्यायालयात आव्हानापलीकडे जातो. उज्जैनच्या मेघराज कोठारी यांनी आपला मतदारसंघ राखीव झाल्याबद्दल दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये हेच सांगितले. प्रत्येक हद्दीवर खटला चालला तर निवडणुका कधी होणारच नाहीत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण.

अलीकडे, जुलै २०२४ मध्ये, गुजरातच्या बारडोली मतदारसंघाच्या प्रकरणात न्यायालयाने थोडी फट ठेवली. आदेश उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे म्हटले. तरीही सामान्य नियम तोच आहे. बोलायचे ते मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा. अंतिम आदेश निघाल्यावर गावाची तक्रार कितीही रास्त असली, तरी ती ऐकून घेणारे कुणी उरत नाही.

गावातली हद्द : गट, गण आणि प्रभाग

विधानसभेची हद्द दिल्लीहून ठरते, पण गावाच्या रोजच्या कारभाराच्या हद्दी जवळच आखल्या जातात. महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा परिषदेचे मतदारसंघ म्हणजे गट, आणि एका गटात पंचायत समितीचे दोन गण. ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य आणि त्यांचे प्रभाग. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला.

ग्रामपंचायतीच्या प्रभागरचनेचे काम गावाने डोळ्यांसमोर पाहिलेले असते. तहसील कार्यालयाकडून कच्चा प्रस्ताव होतो, नकाशावर रस्ते, नाले आणि वस्त्या यांच्या कडेने रेषा ओढली जाते. प्रारूप ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. हरकती मागवल्या जातात, त्यांची सुनावणी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्यतेने ते अंतिम होते. विशेष ग्रामसभेत आरक्षणाची सोडत निघते. डब्यातली चिठ्ठी लहान मुलाच्या हाताने उचलतात आणि सगळ्यांसमोर उघडून वाचतात. एका गल्लीची कुटुंबे या प्रभागात की त्या प्रभागात, यावर पुढची पाच वर्षे कुणाकडे नळाची आणि नालीची तक्रार घेऊन जायचे हे ठरते.

या पातळीवर अलीकडे फार खोळंबा झाला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये तीन अटी घातल्या. मार्च २०२२ मध्ये राज्याने प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. निवडणुका वेळेत घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये बजावावे लागले. हद्द आणि आरक्षण यांचा प्रश्न सुटला नाही की लोकांच्या हातातली सत्ता कशी अडते, हे आपण अनुभवले आहे.

पुढची मोजणी

आता पुढे काय? केंद्राने जून २०२५ मध्ये नव्या जनगणनेची अधिसूचना काढली. देशाच्या बहुतेक भागासाठी तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ८४ व्या दुरुस्तीने घातलेली मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची आहे. विधानसभेत आणि लोकसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणना आणि परिसीमन यांच्याशीच बांधलेली आहे. म्हणजे येणारी मोजणी आपल्या जिल्ह्यासाठी साधी मोजणी नाही.

याचे कारण आकड्यांतच आहे. २०११ ला वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. दहा वर्षांत जिल्हा ५ टक्क्यांच्या थोडा वर वाढला. राज्य जवळपास १६ टक्के वाढले. २०११ च्या राज्याच्या लोकसंख्येला, ११,२३,७४,३३३ ला, २८८ ने भागले तर सरासरी ३,९०,१८९ येते. त्या हिशेबाने वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला ३.३३ येतात. २००१ ला तो आकडा ३.६८ होता. एकूण जागा २८८ च राहिल्या आणि हाच कल पुढे चालला, तर चौथी जागा धोक्यात येऊ शकते. अशी वेळ आली तर ज्या मतदारसंघाची जुळणी तीन तालुक्यांचे भाग एकत्र करून झाली आहे, त्याच्या हद्दी सर्वांत आधी हलण्याचा संभव आहे. अल्लीपूर त्याच मतदारसंघात आहे. राज्याच्या एकूण जागा वाढल्या तर हिशेब बदलेल. पण ते होईपर्यंत गाफील राहणे परवडणारे नाही.

मी या आयोगाकडे आदराने पाहतो. ज्यांना निवडणूक लढवायची नाही अशा माणसांनी, छापलेल्या निकषांवर, हरकती ऐकून हद्द आखावी, हा विचार लोकशाहीच्या मुळाशी आहे. चारही आयोगांनी एकूणात तो सांभाळला. पण आयोगाला कागद दिसतात, गाव दिसत नाही. गावाची बाजू गावानेच कागदावर आणावी लागते.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना माझे तीन गोष्टींचे कळकळीचे सांगणे आहे. जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद करा. शेतावर राहणाऱ्या सालदाराचे कुटुंब, पारध्यांची वस्ती, गावाच्या कडेच्या झोपड्या, कुणीही सुटता कामा नये. दुसरे, परिसीमनाचा मसुदा प्रसिद्ध झाला की ग्रामपंचायतीने तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि आपल्या मंडळाचे नाव कुठे आहे ते पाहावे. तिसरे, हरकत घ्यायची असेल तर मुदतीत घ्या आणि कायद्याच्या निकषांवर घ्या : लोकसंख्या किती, रस्ता कुठून जातो, एसटी कुठली मिळते, दवाखाना आणि बाजार कुठे, मंडळाची हद्द कुठे तुटते. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढे वाक्य पुरत नाही. आकडे आणि नकाशा जोडलेला ग्रामसभेचा ठराव पुरतो. हे काम सरपंचांचे एकट्याचे नाही. गावातल्या शिक्षकांनी, महिला बचतगटांनी आणि शिकलेल्या तरुणांनी त्यासाठी आतापासून तयार राहावे.